नाईलची बोट, देवळांची रांग आणि आईचे गुडघे, जमेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी, जानेवारीत इजिप्तला जायचं चाललंय, मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ६९ ची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात पण ऑपरेशनचं नाव काढू देत नाही, दुपारी अर्धा तास आडवी झाली की परत तरतरीत. कैरो आणि पिरॅमिडचं सगळं ठरवून झालंय, गाडी अडलीय ती नाईलच्या क्रूझवर. एजंटने दोन प्लॅन पाठवलेत, लक्सरहून आस्वानला ४ रात्री नाहीतर आस्वानहून लक्सरला ३ रात्री, आणि त्यातली देवळांची यादी बघूनच मला दम लागला. कर्नाक, लक्सर, हातशेपसुत, एडफू, कोम ओम्बो, फिली आणि वर पहाटे तीनला उठून अबू सिंबल! एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी जाऊन आली, ती म्हणाली तिसऱ्या देवळानंतर सगळी सारखीच दिसतात, मी डेकवरच लोळत होते.

तर ३ की ४ रात्री? आणि यातलं काय सोडलं तर नंतर हळहळ वाटणार नाही? अबू सिंबलला आईला न्यावं का? आई पक्की शाकाहारी, त्यात त्या आठवड्यात संकष्टी येतेय, बोटीवर तिला खायला काय मिळेल? लेक देवळं म्हटलं की तोंड वाकडं करतो, पण ममी म्हटलं की डोळे चमकतात. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय, सगळे नुसते बफे दाखवतात.

ठाणेकर_बंड्या

आम्ही गेल्या डिसेंबरात लक्सर ते आस्वान केलं, चार रात्री. आधी एक भ्रम काढून टाका. चार रात्रींची क्रूझ म्हणजे चार दिवस बोट चालतेय असं अजिबात नाही. पहिली रात्र लक्सरच्या धक्क्याला बांधलेली, शेवटची आस्वानच्या धक्क्याला बांधलेली, मधे जे काय चालते ते दीड-दोन दिवस. बाकी वेळ ते एक तरंगणारं हॉटेल आहे, बॅग एकदा उघडायची आणि चार दिवस बंद करायची नाही, हा खरा फायदा आणि आईंसाठी तोच सगळ्यात मोठा. ३ रात्रीवाल्यात हेच सगळं कोंबलेलं असतं. म्हणून तुम्हाला ४.

दिशेबद्दल लोक गोंधळतात. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे नकाशात खाली असलेला भाग तो 'वरचा इजिप्त'. लक्सरहून आस्वानला जाताना तुम्ही प्रवाहाच्या उलट जाता. मधे एस्नाला लॉक आहे (बोटी वर-खाली न्यायचा दारांचा हौद), तिथे सगळ्या बोटी लायनीत, आमची तीन तास थांबली होती. पण ते तीन तास फुकट गेले नाहीत, उलट आमच्या पोरांना सगळ्या ट्रिपमधली तीच गंमत जास्त लक्षात राहिलीय. छोट्या होड्यांतून विक्रेते येतात, खालून ओरडतात, टेबलक्लॉथ, गलाबिया (तो लांब झगा), शाली, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट वर डेकवर भिरकावतात, तीन मजले उंच हां, आणि नेम एकदम पक्का. तुम्ही उघडून बघायचं, वरून ओरडून घासाघीस करायची, पटलं तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे नाहीतर माल परत फेकायचा. माझ्या बायकोने दोन टेबलक्लॉथ घेतले, एक परत फेकताना पाण्यात पडला, मग त्याचेही पैसे द्यावे लागले. मग लॉकचं दार बंद होतं, पाणी भरतं आणि अख्खी बोट लिफ्टसारखी वर जाते.

आता तक्रारीचं. धक्क्याला बोटी एकाला एक चिकटून लावतात, चार चार पाच पाच. तुमची सगळ्यात बाहेरची असली तर बाकीच्यांच्या लॉबीतून चालत चालत किनारा गाठायचा. खिडकी उघडली की समोर नाईल नाही, शेजारच्या बोटीतला माणूस दात घासतोय. आमची केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला होती, इंजिनचा घरघराट आणि डिझेलचा वास, दोन रात्री बायको झोपली नाही. एजंटने 'नाईल व्ह्यू' म्हणून पैसे घेतले होते, व्ह्यू होता म्हणा, पाण्याच्या पातळीवरचा. वरच्या मजल्याची आणि पुढच्या बाजूची केबिन लेखी मागून घ्या.

आणि स्वेटर न्या!! सगळे इजिप्त म्हणजे वाळवंट म्हणून सुती कपडे भरतात. जानेवारीत पहाटे तिकडे चांगलीच थंडी असते, दुपारी टी-शर्ट आणि सकाळी कुडकुड.

गाभारा

रानजाई, तुमच्या मैत्रिणीचं 'सगळी सारखीच दिसतात' हे अगदी चूक नाही, पण त्याला कारण आहे आणि ते कळलं की उलट मजा येते. गाईड लोक तारखा आणि राजांची नावं एवढी फेकतात की माणूस दगडाकडे बघायचंच विसरतो.

एडफूचं उदाहरण घेतो, कारण ते सगळ्यात धडधाकट उरलेलं देऊळ आहे. दारात ३६ मीटर उंच दोन भिंती, आपल्याकडच्या महाद्वारासारख्या. त्यातून मोठं अंगण. मग खांबांचा मंडप, मग अजून एक लहान मंडप, मग अंतराळासारखी खोली, मग गाभारा. आत आत जाताना जमीन हळूहळू वर चढते, छत खाली येतं आणि उजेड कमी होत जातो. कोणी सांगायची गरज नाही, आपल्या माणसाला पावलांनीच कळतं की आता आपण देवाजवळ आलो. गाभाऱ्यात काळपट दगडाचं एकसंध मखर आहे, एवढं गुळगुळीत की हात फिरवावासा वाटतो (फिरवू नका). ते मखर देवळापेक्षा जुनं आहे, आधीच्या देवळातलं इथे आणून बसवलंय. सामान्य लोकांना अंगणापलीकडे प्रवेश नसायचा, तेही आपल्याला नवीन नाही.

आणि हे देऊळ तितकं 'प्राचीन' नाही बरं का! काम सुरू झालं इ.स.पू. २३७ ला आणि संपलं इ.स.पू. ५७ ला, १८० वर्षं. म्हणजे रामसेस राजाला जाऊन तेव्हाच हजार वर्षं होत आली होती. बांधणारे राजे टॉलेमी, मूळचे ग्रीक, पण भिंतीवर स्वतःला अस्सल फॅरो (इजिप्तचा राजा) म्हणून कोरून घेतलंय. यातला आपल्याशी जोडलेला धागा सांगतो, अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमाय' नावाचा यवन राजा येतो ना, तो दुसरा टॉलेमी. त्याच्या मुलाने, तिसऱ्या टॉलेमीने एडफू बांधायला घेतलं. तिथे पायलट प्रोजेक्ट चालू होता तेव्हा इकडे अशोक म्हातारा झाला होता. कोम ओम्बो, फिली, एस्ना, डेंडेरा ही सगळी याच ग्रीक-रोमन काळातली, म्हणजे साधारण आपल्या सातवाहनांच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांच्या आगेमागे. क्रूझवरची ही मधली देवळं सारखी दिसतात ती म्हणून, एकाच काळाची आणि एकाच ठशाची. कर्नाक आणि लक्सर त्यांच्याहून हजारेक वर्षं जुनी, ती वेगळीच दिसतात.

आता बोटीने का जावं, तर माझं ठाम मत आहे की ही देवळं बोटीनेच बघायची, कारण देव स्वतः बोटीने फिरायचे. एडफूचा देव होरस, ससाण्याच्या तोंडाचा. त्याची बायको हाथोर, तिचं देऊळ लक्सरच्या उत्तरेला डेंडेराला. वर्षातून एकदा हाथोरची मूर्ती बोटीत बसून दीडशेहून जास्त किलोमीटर प्रवाहाच्या उलट एडफूला यायची, अमावस्येला पोचायची आणि पौर्णिमेपर्यंत नवऱ्याकडे राहून मग परत. वाटेत गावोगावचे लोक बोटीला सामील व्हायचे. हा सगळा सोहळा एडफूच्या भिंतीवर कोरलाय, दारातून आत शिरलात की लगेच मागे वळून महाद्वाराच्या आतल्या बाजूला खालच्या पट्ट्यात बघा, दोरीने ओढलेल्या बोटी दिसतील. नव्वद टक्के लोक सरळ पुढे निघून जातात. मी तिथे उभा होतो आणि डोक्यात दुसरं काही नाही, पालखी! मुक्काम, गावोगावचे लोक, सगळं तेच.

लक्सरचंही तेच, कर्नाकहून अमुन देव वर्षातून एकदा लक्सरच्या देवळात यायचा. आणि लक्सरच्या देवळाच्या आत अबू हग्गाग नावाच्या पीराची मशीद आहे, चालू मशीद. तिचं जुनं दार जमिनीपासून कितीतरी उंचावर अधांतरी दिसतं, कारण मशीद बांधली तेव्हा देऊळ तिथपर्यंत मातीत गाडलेलं होतं. त्या पीराच्या उरुसात आजही होड्या मिरवतात. देव बदलले, होडी तीच.

म्हणून सोडायचं असेल तर हातशेपसुत लांबून बघा, चालेल (चढ पण आहे), पण एडफू आणि लक्सर सोडू नका. लक्सरचं देऊळ संध्याकाळी दिवे लागल्यावर.

फुकट_फौजदार

पायलट प्रोजेक्ट 😂 गाभारा शेठ, टॉलेमीचं टेंडर निघालं होतं का

मी मात्र उलटं मत देतो. मोठी क्रूझ म्हणजे देवळं बघणं नव्हे, रांग बघणं. सगळ्या बोटी एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोचतात. एडफूला सकाळी सहाला उतरा, धक्क्यावर घोडागाड्यांची ही झुंबड, घोड्यांच्या बरगड्या मोजता येतात, वाईट वाटतं बघून. देवळात हजार माणसं, दहा भाषांतले गाईड एकाच खांबाखाली ओरडतायत. तासाभरात परत बोटीवर चला. कोम ओम्बोला सूर्यास्ताला तेच. तुम्ही हाथोरचा सोहळा बघायला भिंतीकडे वळलात की तुमचा ग्रुप हरवला समजा.

परवडत असेल तर दहाबिया घ्या, म्हणजे शिडाची बोट, आठ-दहा केबिन. एस्ना ते आस्वान जाते. वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो म्हणून प्रवाहाविरुद्ध शिडावर आरामात चालते (जुन्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' लिहायचं तर शिड लावलेली होडी काढायचे आणि 'उत्तरेला जाणे' म्हणजे बिनशिडाची, एवढं ते पक्कं होतं). मोठ्या बोटी जिथे थांबत नाहीत तिथे ती थांबते. आम्ही जेबेल सिलसिलाला थांबलो, देवळांसाठी वालुकाश्म काढायची खाण आहे नदीकाठी, छिन्नीचे आडवे तिरपे घाव अजून भिंतीभर दिसतात, आणि तिथे आम्ही आठ माणसं आणि एक कुत्रा. सगळ्या ट्रिपमधली माझी आवडती जागा तीच, आणि ते देऊळ पण नव्हे.

पण आईंच्या गुडघ्यासाठी दहाबिया कठीण, फळीवरून उतरून थेट काठावरच्या मातीत पाय. त्यामुळे माझा सल्ला तुम्हाला बहुधा निरुपयोगी आहे. लिहायचा होता म्हणून लिहिला.

रानजाई

बापरे, किती छान लिहिताय सगळे. बंड्यादादा, लॉकचं वाचून लेक आत्ताच तयार झालाय. गाभारा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला, पालखीवर ती म्हणाली "मग जायलाच हवं". फौजदार, निरुपयोगी अजिबात नाही, घोड्यांचं मला माहीतच नव्हतं, एडफूला दुसरं काही मिळतं का? आणि कुठे किती पायऱ्या, किती चालणं हे कोणी सांगेल का, एजंट सगळ्यालाच 'बिलकुल चालायचं नाही मॅडम' म्हणतो, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

कुंदामावशी_सातारा

अगं रानजाई, हा प्रश्न माझ्यासाठीच आलाय बघ. मी ७१ व्या वर्षी गेले, एका गुडघ्याला पट्टा आणि हातात काठी. मुलगा, सून आणि नातू होते बरोबर. तुझा एजंट खोटं बोलतोय, चालायला भरपूर लागतं, पण नीट ठरवलंस तर आई मजेत करतील.

पहिली गोष्ट, देवळापेक्षा धक्का अवघड. हिवाळ्यात नदीचं पाणी उतरलेलं असतं, बोटीतून फळीवर, फळीवरून दगडी पायऱ्या चढून रस्त्यावर. बोटीवरची मुलं हात देतात, अगदी आजीला धरावं तशी धरतात, लाजू नको म्हणावं. कर्नाक सपाट आहे पण अफाट पसरलेलं, नुसत्या मोठ्या मंडपात १३४ खांब, मधल्या बारा खांबांना मिठी मारायला सहा-सात माणसं लागतील. मी तिथे खांबाच्या बैठकीवर टेकले आणि मुलाला-सुनेला म्हटलं तुम्ही फिरून या. अर्धा तास नुसती वर बघत बसले, वरच्या तुळयांच्या खालच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे निळा-लाल रंग अजून आहे. फिरून आलेल्यांनी तो बघितलाच नव्हता!

लक्सरजवळच्या राजांच्या दरीत आतपर्यंत न्यायला विजेवरच्या छोट्या गाड्या आहेत. एका तिकिटात तीन थडगी, आणि इथे चुकू नकोस, गाईड नेईल तिकडे जाऊ नको. चौथ्या रामसेसचं थडगं घे, सरळ बोगदा आहे, उतार अगदी हलका, आणि छतावर आकाशदेवी नूट लांबच्या लांब पसरलेली. तिसऱ्या थुतमोसचं मात्र आईंना नको, कड्यात उंचावर आहे, शिडीसारखा जिना चढायचा आणि मग आत तेवढंच उतरायचं. मुलासाठी तुतनखामुनचं वेगळं तिकीट काढ, थडगं इवलंसं आहे पण ममी तिथेच आहे, काळी पडलेली पावलं दिसतात. आमच्या सुनेला कसंसं झालं, नातवाला मात्र बाहेर काढावं लागलं ओढून.

एडफूला टुकटुक मिळते, म्हणजे आपली रिक्षाच. घोडागाडी पॅकेजमध्ये धरलेली असते, आदल्या दिवशी गाईडला सांगून ठेवायचं की आम्हाला नको. आत सपाट. कोम ओम्बो धक्क्याच्या डोक्यावरच आहे, थोडा चढ. देऊळ मधोमध दोन देवांत वाटलेलं, डावीकडे होरस, उजवीकडे मगरीच्या तोंडाचा सोबेक, दोन दारं, दोन गाभारे, भावाभावांनी घर वाटून घ्यावं तसं. शेजारच्या म्युझियममध्ये मगरींच्या ममी! तुझ्या लेकाचं काम झालं. फिलीला जायचं म्हणजे बेटावर, मोटरबोटीतून. तिथल्या धक्क्यावर एका होडीतून दुसऱ्या होडीत पाय टाकत जावं लागतं, मला तिथे भीती वाटली, पण ते बेट जवळ येताना जे दिसतं त्यासाठी परत एकदा टाकीन पाय.

एक घडीचं स्टूल घेऊन जा, छत्रीएवढं होतं, वजन नाही. माझ्या सगळ्या ट्रिपमधली तीच खरी खरेदी, आणि ती साताऱ्यात केली होती.

खाण्याचं. बफेत शाकाहारी भरपूर असतं. सकाळी फूल म्हणजे बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांची उसळ, लिंबू आणि जिरं घातलेली, वर तेल, त्याच्याबरोबर पोळीसारखा त्यांचा बलदी पाव. तामिया म्हणजे त्याच दाण्यांची भजी. कोशरीत भात, मसूर, मकरोनी, छोले, वर तळलेला कांदा, ऐकायला विचित्र पण आईंना आवडेल. हिरवी भाजीसारखी दिसणारी मुलुखिया मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, बहुतेक कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. संकष्टीला मी राजगिऱ्याचे लाडू नेले होते, खजूर तर तिथे ढिगाने. आणि गंमत म्हणजे हिवाळ्यात कैरोत रस्त्यावर हातगाडीवर भाजलेली रताळी मिळतात, उपासाची सोय झाली बाई! रताळ्याला ते 'बताता' म्हणतात आणि बटाट्याला 'बतातिस', त्यावरून आमचा दोनदा घोळ झाला.

पाटबंधारे_निवृत्त

कुंदाताईंनी हिवाळ्यात पाणी उतरतं म्हणून लिहिलंय ते बरोबर, शेतीची मागणी कमी असते त्यामुळे आस्वानच्या उच्च धरणातून पाणी कमी सोडतात. माझी सगळी नोकरी धरणांवर गेली, म्हणून फक्त अबू सिंबल आणि फिलीवर लिहितो.

उच्च धरण १९६० ते १९७० मध्ये झालं आणि मागे नासर सरोवर तयार झालं. त्यात अबू सिंबल बुडणार होतं. युनेस्कोने देशोदेशींना हाक दिली आणि १९६४ ते १९६८ या काळात अख्खा डोंगर करवतीने कापून, हजारावर तुकडे करून, ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन परत जोडला. दर्शनी बसलेल्या चार पुतळ्यांतला एकाचा वरचा भाग फार पूर्वी भूकंपात कोसळून पायाशी पडला होता, तो त्यांनी उचलून बसवला नाही, होता तसाच पायाशी नेऊन ठेवला. मला इंजिनिअर म्हणून हे सगळ्यात आवडलं. आतल्या चार मूर्तींपैकी तिघांवर वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास, उगवत्या सूर्याचे किरण थेट ६० मीटर आत पोचतात, आपल्याकडे कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव होतो तसं. चौथा देव प्ताह, पाताळाशी नातं असलेला, तो अंधारातच राहतो. जागा हलवली तरी हे जमवून आणलं.

फिलीची गोष्ट वेगळी. १९०२ च्या जुन्या धरणानेच ते बेट वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली जायचं, लोक होडीतून खांबांमधून फिरायचे. १९७० च्या दशकात देऊळ उचलून शेजारच्या अगिलकिया बेटावर नेलं. चित्रलिपीतला सगळ्यात शेवटचा ज्ञात लेख याच देवळात आहे, इ.स. ३९४ चा. बऱ्याच मूर्तींचे चेहरे छिन्नीने टोचून टोचून काढलेले दिसतील, ते नंतर देवळांत चर्च भरवणाऱ्यांचं काम.

त्या मोहिमेत आपलाही हात होता. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याची तुकडी बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात (आस्वानच्या दक्षिणेचा नाईलकाठचा प्रदेश) अफये इथे उत्खनन करून आली, पाणी चढायच्या आत.

देवळं वाचली, माणसं उठली. इजिप्त आणि सुदान मिळून लाखभर नुबियन लोकांची गावं गेली. इजिप्तमधल्या कितीतरी लोकांना कोम ओम्बोच्या आसपास नेऊन बसवलं, म्हणजे तुम्ही मगरीच्या ममी बघायला उतराल तिथून जवळच. आमच्या आस्वानच्या ड्रायव्हरचे आजोबा त्यातलेच. तो म्हणाला आजोबांनी घराच्या दाराची किल्ली शेवटपर्यंत जपली, दार मात्र पाण्याखाली. मला उजनी आठवलं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात धरण आटलं की पाण्यातून वर येतं, मग लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. जुन्या पळसदेवची माणसं पण येतात, ती फोटो काढत नाहीत.

तर अबू सिंबलला न्या. पण पहाटेच्या गाडीने नको, आस्वानहून एकेरी २८० किलोमीटर, साडेतीन तास, आणि तेवढेच परत. आस्वानहून विमान आहे. ते महाग वाटलं तर क्रूझ संपल्यावर आस्वानला एक रात्र जास्त राहा आणि आईंना दुपारी नुबियन म्युझियम दाखवा, फिलीनंतर ते बघितलं की चित्र पुरं होतं.

ठाणेकर_बंड्या

साहेब, किल्लीचं वाचून गप्प झालो.

एक राहिलं, पैसे. हल्ली मोठ्या ठिकाणी तिकिटाच्या खिडकीवर कार्डच चालतं, रोख घेत नाहीत, दोन कार्डं ठेवा. पण सुट्ट्या नोटांचं बंडल पण ठेवा, कारण संडासापासून देवळापर्यंत सगळीकडे 'बक्शीश'. हो, आपलंच बक्षीस. देवळातला रखवालदार बोटाने खुणावतो, "मॅडम, कम, स्पेशल", दोरी ओलांडून एका कोपऱ्यात नेतो, भिंतीवरचं एक चित्र दाखवतो जे दोरीच्या अलीकडूनही दिसत होतं, आणि हात पुढे.

फुकट_फौजदार

मला एकाने कोपऱ्यात नेऊन माझाच फोन मागितला आणि माझाच फोटो काढून बक्षीस घेतलं. फोटोत त्याचं बोट आलंय.

रानजाई

ठरलं! लक्सर ते आस्वान ४ रात्री, वरच्या मजल्याची पुढची केबिन, तसं एजंटकडून मेलवर लिहून घेतलं (आधी "मॅडम ट्रस्ट करा" म्हणाला, मग बंड्यादादांचा डिझेलचा किस्सा ऐकवला). एडफूला घोडा नाही, रिक्षा. हातशेपसुत गाडीतून. आस्वानला एक दिवस जास्त आणि अबू सिंबल विमानाने, नवरा किंमत बघून जरा वेळ बोलला नाही पण आईने तिच्या एफडीतून तिचं तिकीट काढणार म्हटल्यावर त्याची पंचाईत झाली. स्टूल आज ऑर्डर केलं. लेकाने लॉकवर भाव करण्यासाठी अरबी आकडे पाठ करायला घेतलेत.

आता आईचा एकच प्रश्न राहिलाय आणि तो ती मला कालपासून तीनदा विचारतेय, म्हणून इथे टाकते. देवळात चपला काढायच्या का?

कुंदामावशी_सातारा

नाही गं, कोणीच काढत नाही, वाळू आणि खडी आहे सगळी, पट्ट्याचे बूटच घालायला सांग. पण खरं सांगू का, एडफूच्या गाभाऱ्यात, त्या मखरासमोर, मला काही बूट घालून उभं राहवेना. गर्दी जरा ओसरल्यावर काठी सुनेकडे दिली आणि काढले. फरशी थंडगार होती. रखवालदाराने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं, मला वाटलं आता ओरडणार. तो काही बोलला नाही, कोपऱ्यात गर्दी करणाऱ्या दोघातिघांना हाताने मागे सारलं आणि मला जागा करून दिली.

बाहेर आल्यावर बक्षीस मागितलंनच.

रानजाई

😂 आई म्हणतेय, द्यायचंच की मग.